वरचे दात, खालचे दात

“दात मिटा,” डॉक्टर म्हणाल्या. “नेहमी मिटता तसेच.”

खुर्चीतल्या मुलीनं दात मिटले. खालचा जबडा पुढे आला आणि खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर जाऊन थांबले. डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला आणि बारीक सळईचं टोक हिरडीला नुसतं टेकवलं. लगेच रक्त आलं.

“दात इतके दाटीवाटीनं बसलेत की ब्रश पोचतच नाही, तुम्ही कितीही घासा. समोरचे झिजताहेत, ते वेगळंच.”

“मग जबड्याचं ऑपरेशन कधी करायचं?” मुलीनं विचारलं.

भिंतीलगतच्या बाकावर तिचे आईबाबा बसले होते. बाबा वेल्डर. जबडा थेट लेकीसारखा. म्हणजे लेकीचाच त्यांच्यासारखा. ऑपरेशन म्हटल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

“हाड कापून घ्यायचं? चार लोकांत बरं दिसावं म्हणून?”

“दिसण्यासाठी नाही, बाबा. चावण्यासाठी.”

“मी याच तोंडानं जन्म काढला. माझं काय अडलं? बापाचं तोंड घेऊन फिरायची लाज वाटते, हे सरळ सांग ना.”

आईनं त्यांची बाही ओढली. “अहो, बसा खाली. दवाखाना आहे हा.”

मुलीनं आरसा मांडीवर पालथा घातला. ती चिडली होती, पण बोलताना तिला हसूच आलं. “बाबा, तुमच्यावर दातओठ खायचे म्हटले तरी मला जमत नाही. दात एकमेकांना भेटतील तर ना!”

डॉक्टर हसल्या. बाबा हसले नाहीत, पण खाली बसले.

“सरकारी ऑफिसात चौकशीच्या खिडकीत बसते मी,” मुलगी डॉक्टरांना म्हणाली. “माझे उच्चार नीट कळत नाहीत. सात नंबरला जा म्हटलं की लोक भलत्याच खिडकीपुढे जाऊन उभे राहतात आणि परत येऊन माझ्यावरच ओरडतात. ते एक वेळ सोसेन. पण हे दात मला असे झिजवून संपवायचे नाहीत.”

“सोपं नाहीये हं,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी दातांना तारा. त्यात वर्ष-दीड वर्ष जाईल. मग शस्त्रक्रिया. पुढे कित्येक आठवडे पातळ खाणं. तोंड सुजेल, खालचा ओठ बधिर होईल. बहुतेकांना हळूहळू स्पर्श कळायला लागतो, काहींचा थोडा बधिर राहतो. हे आजच सांगून ठेवते.”

“राहिला तर राहू दे. माझं ठरलंय.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि आपलं स्टूल जवळ ओढलं. “सफरचंदाचा घास तोडता येतो?”

“नाही. बारीक फोडी करते.”

“सकाळी उठल्यावर तोंड कोरडं पडलेलं असतं?”

“लाकडासारखं.”

आवाज बाकावरून आला होता. तिघींनी तिकडे पाहिलं. बाबांची नजर फरशीवर होती.

पुढचा प्रश्न डॉक्टरांनी बाप-लेकीच्या मधोमध बघत विचारला. “चावताना कानापाशी दुखतं?”

“थंडीत फार,” बाबा म्हणाले. “त्या बाजूनं चावायचंच नाही. म्हणजे भागतं.”

“चारचौघांत जेवायला बसता?”

बाबांनी मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली. शेवटी आईच बोलली. “हे कधीच बसत नाहीत. सगळ्यांची जेवणं उरकली की स्वयंपाकघरात एकटे, भिंतीकडे तोंड करून. मी म्हणायचे, माणूसच तुसडा.”

“मीच तसं वाटू दिलं,” बाबा म्हणाले. “तुसडा म्हटलेलं परवडतं.”

“अहो, मला तरी सांगायचंत.”

“काय सांगू? नीट चावता येत नाही? सासुरवाडीला जेवताना तोंडातला घास बाहेर आला, तेव्हा तुझे भाऊ कसे हसले होते, आठवतं?”

आईला आठवत नव्हतं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

मुलगी खुर्चीतून उतरली आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. “बाबा, मी हे करणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी करणार. पण हो म्हणालात तर बरं वाटेल मला.”

बाबांनी मान वर केली. तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“पोरगी माझ्यावर गेलीय, असं सगळ्यांना कौतुकानं सांगत आलो मी,” ते म्हणाले. “त्यात हे दुखणंही तिच्याकडे गेलं असेल, हे डोक्यातच आलं नाही.” मग त्यांनी तिच्या हातावर टपली मारली. “कर बाई. ओठ सुजला की मी तुला बघून हसणार मात्र.”

“हसा. मला हसता आलं की मीही हसेन.”

डॉक्टर हातमोजे बदलत होत्या. “बाबा, या वयात तुमच्या जबड्याला हात लावा असं मी म्हणणार नाही. पण तोंड कोरडं पडण्याचं, त्या कानापाशी दुखण्याचं पुष्कळ काही करता येईल. बघू या?”

“आज हिच्यासाठी आलोय.”

“हिचं झालं,” आई म्हणाली आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. “उठा.”

बाबा उठले. खुर्चीत अवघडून बसले. चष्मा काढून लेकीकडे दिला, तशी हातांना काही काम उरलं नाही. त्यांनी ते पोटावर ठेवले.

“काय त्रास होतो तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“तसा काही नाही हो…” सवयीनं तोंडातून निघून गेलं, आणि ते थांबले. वरच्या दिव्यानं डोळे दिपत होते. लेक खुर्चीला टेकून उभी होती.

“लहानपणापासून सांगावं लागेल,” ते म्हणाले. “वेळ आहे ना तुम्हाला?”