फिटनेसचा दाखला

कैलासच्या परिक्रमेसाठी काठमांडूच्या गाईडकडे आम्हा दोघांची नावं नोंदवली, तेव्हापासून आम्ही रोज सकाळी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या रस्त्यानं चालायची सवय करत होतो. नवे बूट घालून हे पुढं, मी मागं. दर पुलाजवळ हे थांबायचे आणि मी जवळ आली की म्हणायचे, "तुयासाठीच थांबून राहिलो वो! तिकडं पहाडात गाईड कोणासाठी थांबणार नाही."

जायला बारा दिवस उरले तेव्हा फिटनेसच्या दाखल्यासाठी गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही फिरत्या पट्ट्यावर चालवलं. ह्यांचा कागद मात्र ते बराच वेळ पाहत राहिले.

"काकाजी, पहाड भूल जाओ. हार्ट फार कमजोर झाला आहे. आता घरचा जिनाही सांभाळून चढायचा."

हे खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले.  पहाडासाठी घेतलेला ह्यांचा जाड स्वेटर आता कोणाला द्यायचा, एवढंच माझ्या मनात आलं.

"काकू, तुमचा हार्ट मात्र एकदम जवान," माझ्या दाखल्यावर सही करता करता डॉक्टर म्हणाले. "या वयात असं कमीच पाहायला मिळते. काय करता?"

"सोमवार, गुरुवार, एकादशी धरते. लग्न झालं तेव्हापासून."

"वा! एवढे उपास कशासाठी?"



ह्यांना मोठं आयुष्य मिळावं म्हणून, हे ह्यांच्यासमोर माझ्याच्यानं सांगवलं नाही.