अर्धी पाठ, अर्धं पोट

पिठ्या ढेकणाचं चित्र काढायची आमची एक रीत आहे. मधोमध उभी रेघ, तिच्या डावीकडे त्याची पाठ, उजवीकडे पोट. फरगण्याच्या कीड तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी अशीच चित्रं काढतेय. खरा किडा अर्थातच असा नसतो.

त्या दुपारी डाळिंबांचा ट्रक फाटकात अडकला होता. फळांवरचा ढेकूण कुठल्या जातीचा, हे कळल्याशिवाय तो सोडता येईना. ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता. मी ढेकूण उकळला, रंगवला, काचपट्टीवर बसवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडेचे काटे मोजायला लागले. सतरा जोड्या भरल्या तर एक जात, अठरा भरल्या तर दुसरी.

डावीकडे पाठ दिसली. उजवीकडे पोट.

मी काचपट्टी उलटी केली. तरी डावीकडे पाठच. दुसरा ढेकूण लावला. तोही तसाच.

मी प्रयोगशाळेतल्या थोरल्या हुर्सनोय ओपांना, म्हणजे आमच्या ताईंना, हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं.

"काय झालंय याला? चांगला तर आहे! सही कर बाई, त्या हॉर्नने कान किटले माझे."

"पण ओपा, पाठ आणि पोट एकदम कसं दिसेल?"

"मग कसं दिसतं?" त्या हसल्या. "थांब, चहा आणते तुला."

बाहेरचा हॉर्न अचानक थांबला.

ओपा दाराकडे चालत निघाल्या. डावीकडे त्यांची वेणी पाठीवर हलत होती. उजवीकडून त्या अजून माझ्याकडे बघून हसत होत्या.