वाकलेला गडी

कीर्तनाला उभं राहण्याआधी अण्णा वीणेकऱ्याच्या पाया पडले आणि त्यांची लेक मुक्ता बघतच राहिली. काल रिंगणाच्या खेळात तिच्यासमोर कुणीतरी असंच वाकलं होतं.

रिंगण हा पोरांचा नवा खेळ; डोक्याला मेंदूशी जोडणारा पट्टा लावून, मुखवट्याआड लढायचं. हरणाऱ्याची एक विद्या त्याच्या डोक्यातून पुसली जाऊन जिंकणाऱ्याला मिळे. आधी कच्चे गडी टिपायचे, ताकद वाढली की बलवानांना भिडायचं, या डावावर मुक्ता टिकून होती. वाकलेल्या गड्याला तिनं सरळ होऊच दिलं नव्हतं.

टाळ थांबले. अण्णा पहिला शब्द शोधत उभे होते.

"बुवा, झोप लागली का?" कुणीतरी हसलं.

मुक्ताच्या ओठांवर मात्र कधी न शिकलेला अख्खा अभंग चालीसकट आला. ती धावत वडिलांजवळ गेली.

"अण्णा, तिथं कशाला आलात हो?"

"पोरं इकडं येईनात. म्हटलं, आपणच जावं त्यांच्यात."

"मी मुद्दाम हरले तर..." ती थांबली. मुद्दाम हरणं रिंगणात धरलं जात नसे.

"लोक खोळंबलेत, बाळ. तू म्हण." अण्णांनी गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला.

मुक्तानं रडत पहिला चरण उचलला. अण्णा टाळकऱ्यांत उभे राहून तो अभंग ऐकत होते, आयुष्यात पहिल्यांदाच ऐकावा तसा.