बिनआवाजाचा जॅक

वेल्डरचं घर म्हणजे ट्रेलर. काम जिथे, तिथे बिऱ्हाड. नव्या जागेच्या उतारामुळे अंथरुणाला खिळलेली आई सारखी पायथ्याकडे घसरायची. हातजॅकच्या खडखडाटाने ती दचकून उठे, म्हणून त्याने हौसेने विजेवरचा हायड्रॉलिक जॅक आणला आणि ट्रेलरमधलं सगळंच जिच्यावर चालायचं, त्या एकुलत्या एक थकल्या बॅटरीला जोडला.

दुपारी आईचा डोळा लागल्यावर त्याने बटण दाबलं. एकेक कोपरा अलगद वर आला. सगळं समतल व्हायला तासभर गेला.

बायको बाजारातून परतली, तेव्हा स्वारी खुशीत होती. "बघ, आईला पत्तासुद्धा लागला नाही!"

"खरंच हो, किती शांत वाटतंय," म्हणत ती आत गेली.



"अहो, आईंचं ऑक्सिजनचं मशीन कशाला बंद केलंत?"