पाच कोपऱ्यांचं कडं

"हसलास तरी ओठ मिटून हस," फुलपाड्यातल्या त्या इमारतीचा जिना चढताना आत्याने जितेशला पुन्हा बजावलं. "मागच्या स्थळाला हिरड्यांवरनंच कळलं. मुलीची मावशी नर्स निघाली मेली."

जितेशने मान डोलावली. दहावीपासून त्याला फिट यायच्या. फेनिटॉइनच्या गोळ्यांनी त्या थांबल्या, पण हिरड्या फुगून दातांवर चढल्या. मुलीला हे आधी सांगावं असं त्याचं म्हणणं. आत्याचा निकाल वेगळा होता: लग्नानंतर.

चहा मुलीने, विनयानेच आणला. कपबश्या खुळखुळत होत्या. चहा बशीत सांडला, तसा तिच्या आईने झटकन ट्रे हातात घेतला.

"लाजते हो फार."

"पोहे छान झालेत. हिनेच केले?" आत्याने विचारलं.

"छे, मीच. स्टोव्हजवळ जाऊ देत नाही मी तिला. एकुलती एक ना."

आत्याने जितेशकडे पाहिलं. लाडावलेली, असं ती नजर म्हणाली.

मग दोघांना गॅलरीत पाठवलं.

"कारखान्यात नक्की काय करता तुम्ही?" विनयाने विचारलं.

"औषधं तपासतो. फिटवरची."

"एवढी असतात?"

हा विषय निघाला की जितेशला राहवत नसे. कठड्यावरच्या धुळीत त्याने बोटाने एका औषधाच्या रेणूचं सहा कोपऱ्यांचं कडं काढलं. "अजून वापरात आहेत त्यांत हे सगळ्यांत जुनं. झोप फार आणतं. यातला एक कोपरा गाळला की हे पाच कोपऱ्यांचं. त्याने झोप कमी येते." शेजारी त्याने एक फाटा फुटलेली रेघ ओढली. "याला तर कडंच नाही. दुसरी औषधं विरघळवायला हे वापरायचे. बघतात तर यात घातलेलं प्रत्येक औषध लागू पडायला लागलं. गुण याचाच होता, आणि कौतुक भलत्याचंच. फक्त याने काहींचे हात कापतात."

सांगता सांगता तो मोकळेपणी हसला. विनया त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्याने ओठ मिटले. पण आता उशीर झाला होता.

"पाच कोपऱ्यांचं मी घेतो," तो म्हणाला. "कळून नंतर मन मोडण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणा. मला राग नाही."

विनयाने एकदा आत पाहिलं. आई आत्याला आणखी पोहे वाढत होती. मग तिने धुळीतल्या त्या कडं नसलेल्या रेघेवर बोट ठेवलं. बोट कापत होतं.

"मी हे घेते," ती म्हणाली. "आईनं बजावलंय, लग्नानंतर सांग."