तीनशे बाराच्या मॅडम

"खोली नंबर?" टॉवेलवाल्याने वहीतून मान वर न काढताच विचारलं.

"तीनशे बारा," ती म्हणाली. स्वतःच्या घरचा पत्ता सांगावा इतक्या सहज.

थाप आता जिभेवर चांगली रुळली होती, कारण आजचा तिसरा दिवस होता. या हॉटेलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ती, नवरा आणि लेक असे तिघं उतरले होते मागच्या गल्लीतल्या लॉजवर, जिथे आंघोळीलासुद्धा मोजून एक बादली मिळायची. पण लेकीच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि गुडघा धड वाकत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोरीला रोज तासभर पाण्यात चालवा, हा महिना वाया घालवलात तर ती जन्मभर लंगडेल. म्हणून सुट्टी काढून समुद्रावर आले, तर मेला समुद्र असा खवळलेला की धडधाकट माणसाचे पाय ठरेनात. मग उरला हॉटेलचा पोहायचा तलाव. शांत, स्वच्छ आणि दुसऱ्यांचा.

तलावाचं एक फाटक वाळूवर उघडायचं, पण फक्त आतून. तेव्हा तिने पुढच्या दाराने ताठ मानेने शिरायचं, टॉवेल घ्यायचा, फाटकाजवळची खुर्ची पकडायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच कडी काढायची, असं ठरलं होतं. बापलेक आत आले की थेट उथळ टोकाला जायचे. तिला ओळखसुद्धा दाखवायची नाही. सापडलीच तर एकटी ती सापडावी. हे काम नवऱ्यावर सोपवण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा खोटं बोलायच्या आधीच कानापर्यंत लाल व्हायचा.

नंबरसुद्धा तिने उगाच नव्हता निवडला. पहिल्या दिवशी ती आत शिरली तेव्हा एक गृहस्थ काउंटरवर सांगत होता की तीनशे बारामध्ये झाडलोटीला कुणाला पाठवू नका, आम्हा दोघांना निवांतपणा हवाय. तिला दिसली ती फक्त त्याची पाठ. जी जोडी खोलीतून बाहेरच पडत नाही, तिच्या नंबरावर आपण पोहलो तर कुणाचं काय जातंय? आपल्या हुशारीवर ती तेव्हा भलतीच खूश झाली होती.

आज मात्र टॉवेलवाल्याने नंबर लिहिला आणि मान वर काढली. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. टॉवेल दिला खरा, पण ती खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आत त्याने फोन उचलला.

फाटकाच्या जाळीतून लेक दिसत होती, वाळूत पाय लांब करून बसलेली, आणि शेजारी नवरा उगाच घड्याळ बघत उभा. कडीकडे गेलेला हात तिने मागे घेतला. टॉवेलवाला अजून तिच्याचकडे बघत होता.

पाचच मिनिटांत कोटातला एक माणूस आला, तोंडभर हसत. मी इथला मॅनेजर, कालपर्यंत रजेवर होतो म्हणून भेट झाली नाही, असं म्हणून त्याने समोरची खुर्ची ओढली. खोली आवडली का, विचारलं. झकास आहे, ती म्हणाली. मग तीन दिवसांत एकदाही साफसफाई करून घेतली नाहीत, चादरीसुद्धा बदलल्या नाहीत, असं का, असं त्याने अगदी गोड आवाजात विचारलं.

हा गळ टाकतोय, तिने ओळखलं. पण आता माघार घेतली तर लेकीचं पाणी कायमचं तुटणार होतं. आम्हालाच नको असतं सारखं कुणी आत आलेलं, तिने ठोकून दिलं.

मॅनेजरने मान हलवली. त्याचं समाधान झालंय की नाही, काही कळेना.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्या भावाचे सारखे फोन येतायत. ताईचा मोबाईल बंद आहे म्हणतात. आम्ही वही बघून सांगितलं, ताई रोज पोहायला येतात, काळजी करू नका."

तिला भाऊ नव्हता. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, तिने आवंढ्याबरोबर गिळलं. मोबाईल पाण्यात पडला, मी करते त्याला फोन, ती म्हणाली. आपला आवाज चिरकला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"त्यांना काही पटत नाहीये. आता म्हणतात पोलिसांत जातो. म्हटलं, आपण एकदा खात्री करून घेऊ. तुमच्या साहेबांना खाली बोलावलंय."

संपलं! आता तीनशे बारातला तो माणूस येणार आणि चारचौघांत म्हणणार, ही कोण बाई? होऊ दे बेअब्रू, तिने ठरवलं. हातापाया पडू, गुडघ्याचं सगळं सांगू, हवं तर मी बाहेर थांबते पण पोरीला तेवढा तासभर पाण्यात उतरू द्या म्हणून पदर पसरू. आईला कसली आलीय लाज. माफीचा पहिला शब्द तिने तोंडात तयार ठेवला.

लिफ्टमधून एक गृहस्थ बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. मॅनेजरने उठून सगळं पुन्हा सांगितलं, भावाचे फोन, पोलीस आणि वहीतली तीन दिवसांची नोंद. त्याने वही मागून घेतली, तीन पानं सावकाश उलटली. मग तिच्याकडे नखशिखांत बघून घेतलं.

ती उठून उभी राहिली, हात जोडायला. तेवढ्यात तो तिच्या शेजारी आला आणि त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला.

"पोलीस कशाला?" तो मॅनेजरला म्हणाला. "ही काय माझी बायको, तुमच्यासमोर उभी आहे."