शेजारची चहापावडर

वामोरीकरांच्या घरचा चहा रोज फक्कड लागायचा आणि नेमकं तेच शेजारच्या दिगंबररावांना खटकायचं.

"मंडईतली सुटी पावडर हो, सगळ्यात स्वस्त," वामोरीकर सांगायचे.

दिगंबररावांनी तीच पावडर आणली, पण घरी ती चव येईना. मग त्यांनी वामोरीकरांच्या डब्यातलीच चमचाभर मागून आणली. तरी येईना.

"दाखवायचा डबा वेगळा आणि वापरायचा वेगळा!" ते बायकोला म्हणाले. "माणूस आतल्या गाठीचा आहे."

संध्याकाळी वामोरीकरच टपकले. दिगंबररावांनी मुकाट्याने तोच चहा पुढे केला. पहिल्याच घोटाला वामोरीकर थबकले.

"वा! आमच्याकडे असा होत नाही. कुठली पावडर?"

"तुमचीच की! मंडईतली."

वामोरीकरांनी कप खाली ठेवला आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगायचं नसेल तर राहू द्या, दिगंबरराव."